रामलिंगच्या वाटेवरचा मौनीबाबा

माझं देवाशी उभं भांडण चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. भांडण तसं विचित्रच होतं. तो बोलत नव्हता आणि मला बोलायची बंदी होती.

मी कुस्त्यांचा निवेदक. अणदूरच्या खंडोबाची जत्रा असो की वाशी तालुक्यातला एखादा उरूस, फडात हलगी कडाडली की कर्ण्यातून माझा आवाज यायचाच. पैलवानांची खडाखडी होईपर्यंत मी त्यांची गावं, त्यांचे वस्ताद, घरच्या म्हशी आणि मामांचे स्वभाव, सगळं सांगून मोकळा झालेलो असे. खंडोबाच्या फडात हा ख्रिस्ती माणूस कसा, असं बाहेरगावच्या कुणी विचारलं तर आमचे म्हातारे वस्ताद सांगायचे, "देव त्येचा त्येच्यापाशी, गळा आमचा हाय." रविवारी त्याच गळ्यानं मी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचो. पाळकसाहेब हळूच म्हणायचे, जरा खालच्या पट्टीत वाचा, प्रभूला ऐकू येतं.

तो गळा एका हंगामात बसला. उरसाचा धुरळा असेल म्हणून मी हळद-दुधावर भागवलं. पण आवाज दिवसेंदिवस खरवडत गेला आणि शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ आहे म्हणून सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. त्याबद्दल गुडघे टेकायचे सोडून मी डॉक्टरांची पुढची अट ऐकूनच खचलो. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, असं ते म्हणाले. गळ्यात दोरीनं एक पाटी अडकवून मी घरी आलो. बायकोनं वरवर डोळे पुसले, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला सबंध वाक्य बोलायला मिळत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी फार दिवस तग धरला नाही. शेजारचा एकजण समाचाराला आला आणि आम्ही दोघांनी पाहिलेली एक जुनी कुस्ती सांगू लागला. सांगता सांगता ढाक या डावाला धोबीपछाड म्हणाला. मी पाटी शोधली, पेन्सिल शोधली, आणि तेवढ्यात तोंडातून निघूनच गेलं, "ढाक!" आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. घशात कळ गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत पाहिलं आणि न रागावता म्हणाले, पुन्हा असं केलंत तर आहे तेवढाही आवाज राहणार नाही.

मग माझी रवानगी येडशीला ताईकडे झाली. ताई माझी थोरली बहीण, दवाखान्यात नर्स होती, आता एकटीच राहते. तिच्या नुसत्या नजरेनं वॉर्ड गप्प व्हायचा, तिथे मी कोण? रामलिंगच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालाच तिचं घर आहे. पुढे ओटा, ओट्यावर लिंबाची सावली. तिथं बसून मी दिवसभर मनातल्या मनात देवाशी भांडत असे. तू मला शेत दिलं नाहीस, शिक्षण बेताचं दिलंस, रूप तर दिलंच नाहीस. एक गळा दिलास. तोच काढून घ्यायचा होता तर इतकी वर्षं मिरवू का दिलास? म्हातारपणी मूल होईल या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही म्हणून मुका झालेल्या म्हाताऱ्या याजकाची कथा मी कितीदा वाचून दाखवली होती. त्याला निदान आपला अपराध ठाऊक होता, आणि शेवटी पोराचं तोंडही दिसणार होतं. मला कशाचाच पत्ता नव्हता.

तेवढ्यात श्रावण लागला. सोमवारी रस्ता माणसांनी भरून वाहू लागला. माझी दाढी वाढलेली, गळ्याभोवती ताईची पांढरी शाल, मुद्रा देवावर रुसलेली. ते रुसणं लांबून वैराग्यासारखं दिसत असावं. एका म्हातारीनं थबकून काही विचारलं. मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. तिनं चपला काढल्या, माझ्यापुढे नारळ ठेवला आणि मागच्यांना सांगितलं, "मौनीबाबा हायती. पाया पडा." मी पाटीवर लिहू लागलो, पण माझं 'मी बाबा' एवढं लिहून होईतो ते वाचून माणसं पायाही पडली. 'नाही' लिहायला पुढे कुणी थांबलंच नाही.

दुपारपर्यंत नारळांची रास झाली. त्यातले दोन माकडांनी पळवले. खोटं कशाला बोलू, माझ्यातला नट सुखावला होता. एकदोघांच्या डोक्यावर मी हातही ठेवला. ताईनं खिडकीतून ते पाहिलं. संध्याकाळी खोबऱ्याची चटणी वाढताना ती म्हणाली, "बोलता येत नसताना एवढं खोटं बोलणारा तूच पहिला." मी हसलो आणि मान खाली घातली. पुढच्या सोमवारी आतच बसायचं ठरवलं.

पण त्या सोमवारी घरात उकडत होतं, म्हणून सकाळीच जरा ओट्यावर टेकलो. तेव्हा ती बाई आली. वाशीकडची होती, पन्नाशीच्या आसपासची. हातापायांना शेरडं राखणाऱ्या माणसाचा कोरडेपणा. ती पाया पडली नाही. ओट्याच्या कडेला बसली आणि रस्त्याकडे पाहतच म्हणाली,

"महाराज, मी म्हादेवाला मालकाचं मरान मागाया चाललेय."

तिचा नवरा विहिरीवरून पडला होता. कित्येक वर्षं अंथरुणात. त्याचं सगळं तीच करत होती. तो आताशा तिला ओळखायचा ते फक्त शिव्या देण्यापुरतं. तो सुटावा असं वाटत होतं, आणि त्याहून जास्त आपण सुटावं असं वाटत होतं, हे तिनं शेरडांच्या भावाइतकं सरळ सांगितलं. लेकरांना हे सांगता येत नाही, सासूला नाही. "बायांपाशी तोंड उघडलं की त्याच आधी बोलत्यात," ती म्हणाली. "तुमी बोलत न्हाय म्हणून सांगितलं." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "लई वाईट हाय का हो मी?"

दुःख भोगणाऱ्यांवर माझ्याजवळ तीन प्रवचनं तयार होती, तीही हातवाऱ्यांसकट. आवाज असता तर मी ती तिथंच झोडली असती. तिनं हात जोडून ऐकून घेतलं असतं आणि आपला प्रश्न जसाच्या तसा उचलून पुढे गेली असती. मी पाटीवर 'नाही' लिहिलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मला वाचाया येत न्हाय." मग माझ्यापाशी काहीच उरलं नाही. ना गळा, ना अक्षर. मी नुसती मान हलवली. नाही, बाई. नाही. आणि मलाच रडू आलं. मग तीही रडली, खूप वेळ. ताई पाणी घेऊन आली, भाकरी घेऊन आली. बाईनं अर्धी खाल्ली, पदरानं तोंड पुसलं आणि देवळाच्या वाटेला लागली.

मी ओट्यावरच बसून राहिलो. तिचं इतकं ऐकूनही मी गप्प होतो. पण माझ्या गप्प बसण्यात तिची हेळसांड नव्हती. तिचा शब्दन् शब्द माझ्यात उतरला होता. मग इतके दिवस वर जो गप्प बसला होता, त्यानं ऐकलंच नाही असं मी कशावरून धरून चाललो होतो? वधस्तंभाआधी खटल्यात राज्यपालापुढे आमचा प्रभूही गप्प उभा राहिला होता. त्या गप्पपणावर मी कितीदा आवाज चढवून वाचलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी.

पुढच्या सोमवारी ती मुद्दाम आली. तिनं मरण मागितलं नव्हतं. पिंडीपुढे उभी राहिली तर तो शब्दच फुटला नाही, म्हणाली. "तूच बघ" एवढंच म्हणून परत फिरली. घरी जाऊन मालकाचं अंग ऊन पाण्यानं पुसलं. लई दिवसांनी राग न येता पुसलं.

मी सुखावलो होतो. पण ताईला खोटं खपत नाही. तिनं माझ्यादेखत बाईला सगळं सांगून टाकलं. हा बाबा-बिबा कुणी नाही, माझा धाकटा भाऊ आहे, आम्ही ख्रिस्ती आहोत, हा कुस्त्यांत ओरडतो, घशाची शस्त्रक्रिया झाली म्हणून गप्प आहे, नाहीतर यानं तुम्हाला एक शब्द बोलू दिला नसता. मला ओट्यात गडप व्हावंसं वाटलं. बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंडाला पदर लावून खळखळून हसली. मग हसू ओसरलं. म्हणाली,

"मंग देवानं माझ्यापायीच तुमचं तोंड बंद केलं असंल."

माझं भांडण तिथं मिटलं. इतके दिवस ज्या 'का' वर मी डोकं आपटत होतो, त्याचं उत्तर एका अनोळखी बाईनं हसता हसता ओट्यावर ठेवलं आणि बसची वेळ झाली म्हणून ती निघून गेली. तेच उत्तर खरं का, हे मी कुणाला पटवत बसणार नाही. मला पुरलं. त्या रात्री पहिल्यांदाच मी काही मागितलं नाही. तिच्याच शब्दांत म्हटलं, तूच बघ.

पुढे डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज आला, पण निम्मा, फुटक्या घागरीसारखा. तो कर्ण्याला चालत नाही. बाईचा नवराही उठलेला नाही. येडशीवरून जाताना ती ताईकडे टेकते, मी तिथं असलो तर दोन गोष्टी सांगते आणि जाते. माझ्याकडून गेलं ते परत आलं नाही. तरी माझ्या प्रार्थनेत आता तक्रारीपेक्षा आभार जास्त असतात. ज्यानं गळा दिला त्यानंच गप्प बसणंही दिलं, ही त्याची कृपा.

परवा अणदूरच्या जत्रेत फडाच्या कडेला बसलो होतो. नव्या निवेदकाचा आवाज दणदणीत आहे. भर कुस्तीत त्यानं ढाकेला धोबीपछाड म्हटलं. 'ढ'साठी जीभ टाळूला लागली होती, पण गप्प बसलो. शेजारी फेटेवाला एक म्हातारा येऊन टेकला. बराच वेळ त्यानं कुस्ती पाहिली, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. मग तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "पावनं, येक सांगू का?"

मी सरकून त्याला जागा करून दिली.