नसलेला कप

कोणी बोलता बोलता रिकाम्या टेबलाकडे हात नेला, की मला ते राजदूत आठवतात.

शेजारच्या देशाने अणुबॉम्बची चाचणी केली, त्याच दुपारी आमच्या सचिवांनी त्या देशाच्या या राजदूतांना बोलावून घेतलं. मी परराष्ट्र खात्यात लघुलेखक होतो; वही घेऊन कोपऱ्यात बसलो. निषेध नोंदवायचा असला की पाहुण्याला चहा द्यायचा नाही, हा तिथला रिवाज. एरवी हे गृहस्थ आमच्याकडे दोन-दोन कप चहा प्यायचे.

सचिव शांतपणे कागद वाचत होते. ‘तीव्र चिंता’, ‘गंभीर परिणाम’. ऐकता ऐकता राजदूतांचा हात सवयीने पुढे गेला. नसलेल्या कपाच्या कानाभोवती बोटं अलगद मिटली, हात जरासा उचलला गेला आणि तसाच खाली आला. कोणी हसलं नाही. तिकडे एक डोंगर पोटातून वितळला होता, आणि इकडे दोन सभ्य माणसांमध्ये फक्त एक कप कमी होता.

स्फोट जमिनीखाली झालाय, धुळीचा कणही वर आलेला नाही, असं सांगून राजदूत गेले. मी ते तसंच टिपून घेतलं.

मग आमचे शिपाई सदाभाऊ आले आणि फडक्याने टेबल पुसायला लागले.

“अहो, आज त्यावर काही ठेवलंच नव्हतं,” मी म्हणालो.

“धूळ बसलीय, साहेब.”

मला टेबल लख्ख दिसत होतं. फडकंही पांढरंच होतं. सदाभाऊ मात्र पुसतच राहिले.

निघताना मी माझी वही दोनदा झटकली.