दगडावरचं कावळ्याचं पीस

संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, पेशा आहे. चौतीस वर्षं एडिनबरात फार्मासिस्ट म्हणून काढली. डॉक्टरची सही दोनदा बघितल्याशिवाय कुणाला गोळी दिली नाही. त्यामुळे माझा भाचा नकुल जेव्हा म्हणाला, की इंजिनिअरिंग सोडून गेमकीपर व्हायचंय, तेव्हा यामागे एखादी मुलगी असणार असं मी धरून चाललो. मुलगी नव्हती. फेझंट होते.

गेमकीपर म्हणजे पैसेवाल्यांनी मारावेत म्हणून फेझंट, लांब शेपटीचे रानकोंबडेच म्हणा, वाढवणारा माणूस. जुलैत सात आठवड्यांची पिल्लं रानातल्या पेनमध्ये, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणायची, त्यांना दाणापाणी करायचं, ती मोठी झाली की रानात सोडायची. ऑक्टोबरात शिकारी येतात. तिकडे शिकाऱ्यांनाच ‘गन्स’ म्हणतात, आणि मला ते अगदी पटतं. नकुलला हे काम मनापासून आवडायचं. कुठलं पिल्लू शिंकलं तेसुद्धा त्याला ठाऊक असायचं.

तो दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातल्या एका इस्टेटवर लागला तेव्हा खोऱ्यात घारीसारख्या, पिल्लं उचलणाऱ्या बझर्डच्या दोन जोड्या होत्या. आता नऊ आहेत. मग गॉसहॉक आला, आपल्या शिकरा पक्ष्याचा थोरला भाऊ शोभेल असा. मग पाइन मार्टिन आलं, मांजराएवढं, पिवळ्या गळ्याचं, कुठल्याही जाळीवर चढणारं. या तिघांना हात लावला तर तुरुंग. मारायची मुभा फक्त कोल्ह्यांना आणि कावळ्यांना, त्यामुळे नकुलचा सगळा राग कावळ्यांवर निघायचा. पिंजरे लावून त्याने ते जवळजवळ संपवले.

तरी फेझंट कमीच होत गेले. गेल्या हिवाळ्यात गन्स कुरकुरत परत गेले, आणि मालकाने सांगून टाकलं: हा सीझनही असाच गेला तर शूट, म्हणजे शिकारीचा सगळा कारभारच, बंद. म्हणजे नोकरी गेली आणि तिच्याबरोबर मिळालेलं कॉटेजही गेलं. त्या कॉटेजात तीन वर्षांपूर्वी मेव्हणे वारल्यापासून माझी बहीण राहते, मधुमतीताई.

सप्टेंबरात एक गॉसहॉक गायब झाला. त्याच्या पाठीवर सिग्नल देणारा टॅग होता. तो सिग्नल पेनपासून अर्ध्या मैलावर बंद पडला. पोलीस आले. पेनजवळच्या चपट्या दगडावर त्यांना भाताची उरलेली थोडी शितं सापडली, त्यात काळे दाणे, आणि शेजारी कावळ्याचं पीस. विषारी आमिष, खाऊन एक कावळाही मेलेला, असं त्यांनी ताडलं. सगळं पिशवीत भरून लॅबला गेलं. गावच्या पबमध्ये निकाल तर त्याच दिवशी लागला.

शनिवारी मी बसने गेलो. नकुल डब्यांत गहू भरत होता.

“विष घातलंस का?” मी सरळ विचारलं.

“No, मामा.”

“मग तो भात कुणी ठेवला?”

तो पाठ फिरवून पुढचा डबा भरू लागला. खोटं प्रिस्क्रिप्शन घेऊन आलेलं गिऱ्हाईक अशीच नजर चुकवतं. 

घरात ताई मात्र खुशीत होती. “अरे, पंधरवडा छान पार पडला! पहिल्या वर्षी ह्यांचा घास अंगणात ठेवायचे, तर एक कावळा यायचा नाही. किती रडले मी. ह्यांचं काहीतरी राहून गेलंय, असं वाटायचं. मग पेनजवळ न्यायला लागले. आता रोज भात संपलेला, आणि हे बघ!” तिने जॅमची बरणी पुढे केली. आत काळी पिसं होती. “रोज एक पीस ठेवून जातो.”

“तूप-तीळ घातलेला भात, तो तूच ठेवलास? मग पोलिसांना सांग की!”

“नकुल म्हणाला, तू बोलू नको, मी बघतो.”

झालं. माझं डोकं भलतीकडेच धावलं. आईचा भात आयता मिळतोय, तिळात काळी पूड मिसळली तर कोण ओळखणार? वर आईलाच गप्प बसवलंय. ताई भाजी चिरायला बसली आणि मी भाच्याच्या शेडमध्ये चोरासारखा शिरलो. डबे हुंगले, बाटल्या उलट्यापालट्या केल्या. विष मिळालं नाही. खिळ्यांच्या डब्यात एक कार्ड मिळालं, पेनवर येणारी जनावरं टिपायला तो रानात कॅमेरा लावायचा, त्यातलं. शेडमधल्याच त्याच्या लॅपटॉपमध्ये घातलं.

चित्रात तो दगड होता. ताई येते, भात ठेवते, हात जोडते. अर्धा तास थंडीत उभी राहून वर बघते. वर कुणी नाही. ती जाते. मग मार्टिन येतं, एका कानाचा तुकडा गेलेलं, भात खातं आणि पेनकडे वळतं. एका फ्रेममध्ये परत जाताना त्याच्या तोंडात फेझंट होता. दुसऱ्या दिवशी तेच मार्टिन, तोच कान, ठणठणीत. असे अकरा दिवस. आणि दर वेळी, ताई दुसऱ्या दिवशी यायच्या आधी, नकुल येतो, खिशातून एक काळं पीस काढतो आणि दगडावर ठेवतो. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या टोकावर खडा ठेवतो.

मला माझी लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

तो दारात उभा होता. “मामा, ती कार्ड मला द्या.”

“गाढवा, यात तू सुटतोस! विष असतं तर हे जनावर दुसऱ्या दिवशी आलं असतं का? पोलिसांना दाखव!”

“आणि आई बघितली तर? तिला वाटते बाबा happy आहे.” तो खाली बघत म्हणाला. “कावळे मीच मारले ना, मामा. It’s on me. आणि boss ला कळलं, की माझ्याच घरातून मार्टिनला feed मिळत होता, तर cottage पण जाईल.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. But how do I stop her?”

रविवारभर मी त्याची मनधरणी केली. सोमवारी पोलीसबाई आली. ताई चहा करायला गेली तेव्हा नकुलने बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला. बाईने सगळं पाहिलं, काही चित्रं दोनदा पाहिली. तिचा पेशाही माझ्यासारखाच. लॅबचा रिपोर्ट आला की फाइलला लावते, म्हणाली, आणि मालकाला मी काही सांगायचं कारण नाही, असंही म्हणाली. गॉसहॉकचं काय झालं ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. पबमध्ये अजून नकुलकडे वळून बघतात.

पोलीसबाईचं बोलणं संपतंय तोच ताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. नकुलने झटकन लॅपटॉप मिटला. पोलीसबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

“काय बघत होतात रे सगळे?” ताईने मला विचारलं. “दगडाजवळ कॅमेरा होता ना? काय दिसलं त्यात?”

नकुलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कावळा,” मी म्हणालो. “रोज येत होता.”

ताईने ट्रे खाली ठेवला. “आणि शनिवारी बरणी दाखवली तर कसा तोंड वाकडं करून बघत होतास! तुझा मेल्याचा कशावर म्हणून विश्वास नाही.”

“नाही खरा,” मी म्हणालो, आणि पहिला कप नकुलच्या हातात दिला.