लिफ्टवाल्या काकांची सोमवारची हजेरी

सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. एकवीस वर्षांपूर्वी ते या देशात आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथेच केस पिकवले. नागरिकत्वाचा अर्ज मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहून गेला. एका कंपनीतर्फे बावीस इमारतींच्या लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे होती. नुसत्या आवाजावरून सांगायचे, तेल हवंय की नवा दोर.

पोलीस आले तेव्हा काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच. कपाटातून इमारतींचे नकाशे निघाले.

"हे कशाला लागतात?"

"लिफ्ट काय आभाळाला टांगतात, साहेब?"

नकाशे जप्त झाले.

तेच नकाशे त्यांच्या कामावरच्या जोडीदाराच्या घरीही सापडले. पण तो इथला नागरिक, तासाभरात सुटला. काकांना दहशतवादविरोधी कायद्याचं नवं कलम लागलं. त्याखाली परदेशी रहिवाशाला आरोप न ठेवताही कोठडीत डांबता येत होतं.

"निदान गुन्हा तरी सांगा," ते रोज विचारायचे.

"ते गोपनीय आहे."

वकिलालाही हेच उत्तर. बायकोने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. शाळेत लेकीच्या बाकावर शेजारी कोणी बसेना.

एक्केचाळीस दिवसांनी सोडलं, ते हातात कागद देऊन. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, सरकारी इमारतीतल्या यंत्राला हात लावायला बंदी. बावीसपैकी सोळा इमारती सरकारी. कंपनीने काकांना नारळ दिला.

एका सोमवारी ठाण्याचीच लिफ्ट मध्येच अडकली. आत कारकून बाई, हमसून हमसून रडत होती. फौजदार धावत आला. "काका, बघा ना जरा!"

"मला हात लावायला बंदी आहे."

पण रडणं ऐकवेना. हात पाठीशी बांधून त्यांनी वर लिफ्टच्या यंत्रखोलीत गेलेल्या शिपायाला फोनवर सांगितलं, "आधी मेन स्विच बंद कर. आता ब्रेक सैल कर. चाक उजवीकडे... सावकाश, बाबा!"

बाई बाहेर आली, काकांच्या पाया पडायला वाकली.

त्याच दुपारी त्यांच्या फाइलमध्ये नोंद झाली: 'ठाण्याच्या इमारतीची बारीकसारीक माहिती असल्याचे आढळले.' पुढच्या आठवड्यापासून हजेरी दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी.

"गप्प बसता आलं नाही तुम्हाला?" बायको रडवेली झाली.

"बाई रडत होती गं," काका म्हणाले, आणि गुरुवारच्या हजेरीसाठी इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.