जाड पत्रिकेचं गॅस्केट

"काका, नाना गेले. सकाळी. गोठ्यात." मीनाने फोनवर एवढंच सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. दामूनाना माझे चुलतभाऊ, मीना त्यांची मुलगी. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, नंतर कळवणजवळच्या गावी शेतीवर परतले. दशक्रियेला एक पुढारी उशिरा आले आणि खिशातल्या चिठ्ठीत नानांचं नाव बघून बोलायला लागले. "चूक म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं!" असं ते म्हणाले, तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मीनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या उजव्या चाकाच्या एक्सलमधून तेल गळायला लागलं. तिथलं गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसून तेल अडवणारा पातळ थर, गेलं होतं. इतक्या जुन्या मॉडेलचं गॅस्केट कळवणला मिळेना. आमच्याकडे अशा वेळी लग्नपत्रिका कामाला येते. ती लोखंडावर धरायची, कडांवर हातोडीने हलकेच ठोकायचं, आकार आपोआप कापला जातो. साधा पुठ्ठा तेल पिऊन घट्ट बसतो. पण त्या आठवड्यात एका बड्या घरची पत्रिका आली होती, जाडजूड, वर चकचकीत प्लॅस्टिक, आणि निमंत्रकांची इतकी नावं की नवरा-नवरी शोधावी लागत. "एवढा खर्च केलाय, कशाला तरी लागू दे," म्हणत नानांनी तीच कापली.

प्लॅस्टिक उष्णतेने सुटलं आणि तेल उजव्या चाकाच्या ब्रेकात उतरलं. ट्रॅक्टर मीनाच चालवायची. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर तिने ब्रेक दाबला, तेव्हा फक्त डावा लागला आणि ट्रॅक्टर गर्रकन डावीकडे, विहिरीकडे वळला. पुढचं चाक कठड्याला टेकून थांबलं. तिला खरचटलंही नाही, पण गावाचा निकाल संध्याकाळच्या आतच लागला. "पोरीच्या हातात ट्रॅक्टर दिल्यावर दुसरं काय व्हनार?" हे पारावर बोललं गेलं तेव्हा नाना तिथंच चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत. मीनाने चावीला हात लावणं सोडलं.

आठवड्याने त्यांचा मला फोन आला. "पुस्तकवाल्या, नाशकात ह्या नंबरचं गॅस्केट बघ. आन् नंबर नीट वाच, प्रस्तावना नको वाचू." तीन दुकानं पालथी घालून मी ते मिळवलं, दुमडू नये म्हणून एका जाड ग्रंथात ठेवलं आणि रविवारी घेऊन गेलो. त्या ग्रंथाचा तेवढाच उपयोग झाला.

पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळा सरकवला, मागचं उजवं चाक उतरवलं. माझ्याकडे पाने-पकडी देण्याचं काम होतं. मीना लांब उभी होती. नानांनी ब्रेकचा ड्रम काढला, बोल्ट सोडले, एक्सल ओढून काढला आणि चिकटलेले तुकडे खरवडायला हात आत घातला. तेवढ्यात जॅकखालची जमीन दबली. गोठ्याचं पाणी तिथूनच वाहायचं. जॅक कलला, सगळा भार ठोकळ्यावर आला, आणि ठोकळा करकरत डुलायला लागला.

"कोनी हलू नका," नाना हळूच म्हणाले. त्यांचा हात आतच अडकला होता. माझ्या हातात पाना होता आणि तो कशासाठी आहे हे मला आठवेना... मीना धावली. दुसरा ठोकळा तिने लाथेने आत सारला. करकर थांबली. नानांनी हात बाहेर काढला तेव्हा मुठीत पत्रिकेचा काळपट तुकडा होता.

"तुझा पाय नाय चुकला, बाई," ते म्हणाले. "ही मी कापलेली."

"तुम्हाला माहीत होतं? आठ दिवस?"

"वाटत व्हतं."

"आणि पारावर चहा पीत बसला होता!"

संध्याकाळी नवं गॅस्केट बसवून झाल्यावर ते डाव्या मडगार्डवर, विहिरीच्या बाजूला बसले. "चल, उतारावर घे." मीनाने माझ्याकडे पाहिलं, मग चावी फिरवली. विहीर जवळ येत गेली. "दाब," नाना म्हणाले. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला.

दुसऱ्या सकाळी पत्रिकेचे उरलेले तुकडे त्यांनी तारेत ओवले आणि ट्रॅक्टरच्या शेडच्या दारावर, रस्त्याच्या बाजूच्या खिळ्याला टांगले. दूध घालायला जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "नाना, हे काय?" आणि नाना प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे, कुणी घाईत असला तरी.

दशक्रियेनंतर वहिनी हार घातलेला फोटो घेऊन शेडपाशी आल्या. जाणारे-येणारे नमस्कार करतील म्हणून तो त्यांना तुकडे टांगलेल्या त्याच खिळ्यावर हवा होता. "हे भंगार काढ गं," त्या म्हणाल्या.

मीनाने हातोडी आणली आणि शेजारी दुसरा खिळा ठोकला.