कागद खराब आला आहे

सोमवार, १२ जानेवारी. थंडी बरीच. दळण आणलं. कोकिळा ब्लाउजचं माप घेऊन गेली. कोडं आज तिघांतच सोडवलं, कौतिकभाऊ आठवडाभर आले नाहीत. दुपारी त्यांचा योगेंद्र इंदूरहून आला. रविवारी वडिलांना कायमचं घेऊन जाणार म्हणतो. घर बंद करणार. संध्याकाळी वरण करपलं.

वरण का करपलं ते डायरीत लिहिलं नव्हतं. ते इथे सांगते.

कौतिकभाऊ माझ्या यजमानांबरोबर पेपर मिलमध्ये होते. मूळचे तुकईथड गावचे, घरची कापसाची शेती. मिलमध्ये कागद तपासायला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. तयार कागद उजेडासमोर धरायचा, दोन बोटांत चोळायचा, कोपरा फाडून बघायचा आणि मग पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे त्यांचं काम. ती सवय अंगात इतकी मुरली की घरी लग्नपत्रिका आली तरी आधी कागद चोळत आणि मग लग्न कुणाचं ते विचारत. नोकरी संपल्यावर इतवारा मोहल्ल्यात आमच्याच गल्लीत त्यांनी लहानसं घर घेतलं. ताराबाई गेल्यावर एकटेच राहिले. सकाळी तापीच्या घाटावर जाऊन येत, स्वतःचं स्वतः करून खात. मुलाकडे का जात नाही असं विचारलं की म्हणत, इंदुरात माझ्याशी बोलणार कोण.

बोलायला आमचा ओटा होता. माझे यजमान गेल्यावर समोरचा झेरॉक्सवाला गजानन रोज नऊला दुकानातला पेपर घेऊन येऊ लागला. शब्दकोडं कोकिळेचं आणि माझं. सुडोकू कौतिकभाऊंचं, गजानन त्यांचा मदतनीस. नियम एकच आणि तो माझा. मी शिकले त्या खंडव्याच्या कॉन्व्हेंटात गणिताच्या सिस्टर कारणाशिवाय उत्तराला शून्य देत. तेव्हा आमच्याकडेही आधी कारण मोठ्याने सांगायचं आणि मगच आकडा लिहायचा. गजानन कुरकुरायचा, "काकू, इथे पण शाळा लावून दिली तुम्ही." पण नियम पाळायचा.

कौतिकभाऊंना खोडरबर कधी लागलं नव्हतं. दिवाळीनंतर लागू लागलं. एकाच ओळीत तीन दोनदा यायचा, नाहीतर सहा दोनदा. ते पेपर बोटांत चोळून म्हणाले, "वहिनी, कागद खराब आला आहे. शाई पसरू राहिली." कागदाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणार कोण? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. गजाननने तर पेपर बदलला. दुसऱ्या पेपरचा कागदही खराब निघाला.

मग बाकीच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या. बाजारात गजानन समोरून आला तर ओळख न दाखवता पुढे गेले. पोह्यांत मीठ म्हणून खायचा सोडा घातला. नव्या वर्षाला योगेंद्र आला तेव्हा भर उजेडात गॅस जळत होता आणि पातेलं काळं झालं होतं. त्यानंतर त्यांनी कोड्याला येणं सोडलं. त्यांच्या थोरल्या भावाचं काय झालं होतं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. शेवटी शेवटी तो स्वतःच्या बायकोला विचारायचा, तुम्ही कुणाच्या घरच्या? त्यामुळे कुणीच काही बोलत नव्हतं. मीही नाही.

सोमवारी योगेंद्र माझ्या ओट्यावर उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "काकू, मी तिथे असलो तरी लक्ष इथेच राहते. गॅस चालू राहून गेला तर?" पोरगा वाईट नाही. त्याच्या त्या प्रश्नाचाच विचार करत बसले आणि वरण करपलं.

मंगळवारी सकाळी मी स्वतः कौतिकभाऊंना बोलवायला गेले. रविवारी जाणारच आहात, तर चार दिवस बसा आमच्यात, म्हटलं. ते आले. मागून योगेंद्रही आला. मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "या घरात तीन नाहीतर आठ. ओळीत आठ झालेला आहे. म्हणजे तीन." आणि तीन लिहिला.

त्या ओळीत छापलेला तीन आधीच होता. गजाननने खोडरबर उचललं. मी त्याचा हात धरला. भाऊंचं कारण मी ऐकलं होतं आणि त्या कारणात कुठेही खोट नव्हती. ओळीत खरोखर आठ असता तर तीनच बरोबर होता.

"भाऊ," मी विचारलं, "आठ कुठे दिसला तुम्हाला?"

त्यांनी छापलेल्या तिनावर बोट ठेवलं. "हा काय."

मग सवयीने "कागद" एवढं म्हणाले आणि थांबले.

कोकिळा शिवणकाम करते, तिच्याजवळ कापड आखायचा खडू असतोच. तिला म्हटलं, हे सगळं कोडं ओट्यासमोरच्या फरशीवर काढ, एकेक आकडा हाताएवढा. ती गुडघ्यावर बसून काढू लागली. गजाननने आपली स्कूटर बाजूला घेतली. कौतिकभाऊ आधी पायरीवरून बघत होते, मग चौकोनात उतरले आणि कोकिळेच्या हातातून खडू घेतला.

प्रत्येक आकड्याचं कारण सांगत, वाकून लिहीत ते पुढे गेले. गजानन सातवर उभा होता म्हणून त्याला हटकलं. कोकिळेच्या रेघा वाकड्या, असे ब्लाउज शिवतेस का, म्हणाले. ती म्हणाली, "दादा, ब्लाउजचं माप देताना बाया हलू राहत नाहीत, तुम्ही हलू राहिले." एकही आकडा चुकला नाही. योगेंद्रसाठी ठेवलेल्या चहावर साय धरली, त्याने कपाला हात लावला नव्हता.

शेवटचा नऊ लिहून झाल्यावर कौतिकभाऊ पायरीवर बसले. खडूचे हात धोतराला पुसत म्हणाले, "वहिनी, माझ्या थोरल्या दादाचं झालं तेच मला होऊ राहिलं, असं धरून बसलो होतो मी."

योगेंद्र त्यांच्या शेजारी बसला. "बाबा, चष्मा शेवटचा कधी केला?"

"तुझी आई होती तेव्हा."

दुसऱ्या दिवशी योगेंद्र त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. चांगलाच वाढलेला, बाकी डोळे ठीक. ऊन डोळ्यांवर आलं की समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा होतो आणि गॅसची निळी ज्योत उजेडात दिसत नाही, हे डॉक्टरांनी न विचारताच सांगितलं. योगेंद्रने सगळं दोनदा विचारून घेतलं आणि बाहेर येऊन मला फोन केला. त्या दुपारी मी जेवून गाढ झोपले.

रविवारी कुणी इंदूरला गेलं नाही. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीतच झालं. योगेंद्र रजा वाढवून राहिला, वडिलांच्या डोळ्यांत थेंब घालायला शिकला. कौतिकभाऊंनी त्याला शब्द दिला आहे की उन्हाळ्यात महिनाभर येईन, तिथे पेपर कुठला येतो ते आधी सांग.

काल ते काळा चष्मा लावून ओट्यावर आले. पेपर घेतला, दोन बोटांत चोळला, उजेडासमोर धरला आणि मग वाचला.

"कागद बरा आहे हो," म्हणाले. थोड्या वेळाने गजाननकडे निरखून पाहिलं. "काय रे, तू केव्हा म्हातारा झालास?"

गजानन म्हणाला, मागच्या दिवाळीपासून, तुमचे आकडे खोडून खोडून.

मग त्यांनी सुडोकू सोडवलं. खोडरबर माझ्याजवळच पडून होतं. जाताना ओट्याच्या भिंतीकडे बघून म्हणाले, वहिनी, या भिंतीला चुना लावा, इतकी कळकट झाली होती ते मला माहीत नव्हतं.

रात्री डायरीत लिहिलं: माठ धुवून उन्हात वाळवला. भिंतीसाठी चुना भिजत घातला.