कापशीची खिडकी

रायपूरचा उन्हाळा सुरू झाल्याचं सूर्याच्याही आधी आमच्या साडूंच्या पायजम्याला कळायचं. त्यांच्या पांढऱ्या मांजरीचे, कापशीचे, केस फाल्गुनात गळू लागले की पायजम्यावर लव यायची, आणि त्यानंतरच माळ्यावरचा कूलर उतरायचा. तोवर माणसांचा घाम कितीही गळो. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "भैया, बिल्ली के बाल झड़े क्या?" साडू म्हणायचे, "नहीं दीदी, अभी आठ दिन रुको." अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, आठ दिवस थांबायचा.

केसगळतीच्या दिवसांत हा अबोल सरकारी कारकून सेनापती व्हायचा. नव्या रायपूरहून बसने घरी आला की कापशीला वर्तमानपत्रावर बसवायचं. आधी ओला हात, मग भांडी घासायचा रबरी मोजा, मग बारीक दातांची फणी. सोफ्यावरून ते कणकेचा गोळा फिरवत. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ओरडायची, "सोताचे गेले तं आरसा नाई पाह्यला, आन् हिचा एकेक केस वेचून राहिले!" एकदा तर काडेपेटीत कापशीचे केस घेऊन ते पंडरीच्या कापडबाजारात गेले आणि ठोक कापडवाल्यापुढे पेटी उघडून म्हणाले, "इस रंग की चादर दिखाइए, भैया." दुकानदाराने पेटीत नाक घातलं, शिंकला, आणि निमूट ठाण उलगडलं. तेव्हापासून घरातल्या चादरी, अभ्रे, पडदे सगळे कापशीच्या रंगाचे. केस गळतच होते, फक्त दिसेनासे झाले. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला हा उपाय सुचायचाच.

मीही नोकरदारच. मीही एक गोष्ट अशीच दिसेनाशी केली होती.

आम्ही त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. एका फाल्गुनात सगळे वर्ध्याला लग्नाला गेले. माझी बढतीची मुलाखत होती म्हणून मी मागे राहिलो. "कापशी एकटी झोपत नाई, तू खालीच झोपजो. आन् केस गळून राहिले, तं कूलर लावून घेजो," साडू बजावून गेले. मुलाखतीच्या सकाळी माझी काळी पँट खुर्चीवर होती आणि पँटवर कापशी. पँट काळी उरली नव्हती. मी तिला मानगुटीला धरून मागच्या दाराबाहेर टाकलं आणि कडी लावली. ती दाराशी ओरडत होती, आणि मी साडूंनीच शिकवलेल्या ओल्या हाताने पँट पुसत होतो. संध्याकाळी परतलो तेव्हा दाराशी कोणी नव्हतं. बढती मात्र मिळाली.

साडू आल्यावर मी सांगितलं, कूलर बसवायला खिडकी उघडली, तिथून ती निसटली. त्यांनी मलाच पाणी दिलं. म्हणाले, "तुहा काय दोष? कूलर लावाले मीच सांगतलं होतं."

त्यानंतर सहा उन्हाळे त्यांनी कूलर लावला नाही. खिडकीत कूलर आला तर कापशी आत येणार कुठून? खिडकी सताड उघडी, बाहेर दुधाची वाटी, आत लूच्या झळा, आणि डोक्यावर ओला गमछा घेतलेले साडू. "भाऊ, काहून भाजून घेता?" मी विचारायचो. "मांजर गेल्या वाटेनंच येते," ते म्हणायचे. मागच्या दाराला मात्र रोज न चुकता कडी घालायचे. वर माझ्या कूलरपुढे बसून मी ती कडी ऐकायचो.

यंदा होळी झाल्यावर खाली गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ माझ्या पँटकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सहा उन्हाळे खिडकीपाशी बसवलं ना तू मले." उठले, मागच्या दाराची कडी काढली, दुधाची वाटी तिकडे नेऊन ठेवली. "चाल, कूलर उतरव."

आता कूलर चालतो, पण मागचं दार उघडं असतं. त्यातून येणारी लू नेमकी एका खुर्चीवर येते. संध्याकाळी खाली गेलो की मी त्याच खुर्चीत बसतो. साडू मला कूलरपुढे सरक म्हणत नाहीत, आणि मीही सरकत नाही.