मिस्त्रीच्या हातचं वेटोळं

सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा सगळ्यांचा मिस्त्री होता. बाजारामागच्या गल्लीत दोघांचा एक गाळा होता. जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. मिस्त्रीनं भरलेली मोटार सहसा परत येत नसे. "असंच काम करत राहिलात तर गिऱ्हाईक परत तोंड दाखवायचं नाही, उपाशी मरू," ती म्हणायची, आणि तो दातात टेप धरून हसायचा.

एकदा गावाबाहेरच्या प्रयोगशाळेतल्या इंजिनीअर बाई पंपाची मोटार घेऊन आल्या. उघडी मोटार हातात धरून त्या बराच वेळ तिच्या तारांकडे बघत राहिल्या. पुढच्या महिन्यात गाळ्याला कुलूप लागलं आणि नवरा-बायको दोघंही प्रयोगशाळेत कामाला लागले.

तिथं एका उंच हॉलमध्ये पोलादाचं एक पोकळ कडं बसवायचं चाललं होतं. कड्याच्या आत माणूस वाकून फिरू शकेल एवढी जागा. बाईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. त्या पोकळीत वायू इतका तापवायचा की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊन त्यातून वीज वाहू लागते. त्याला प्लाझ्मा म्हणतात. वीज वाहिली की तो आणखी तापतो, आणि त्या विजेच्या चुंबकक्षेत्रामुळे जागच्या जागी धरायलाही सोपा जातो. पण त्यानं भिंतीला शिवता कामा नये. शिवला की गार पडतो, आणि भिंतही खातो.

"शिवायचं नाही, मग वायर जोडायची कुठं?" मिस्त्रीनं विचारलं.

"ट्रान्सफॉर्मरमध्ये कुठं जोडता?" बाई म्हणाल्या. "या कड्याच्या मधल्या भोकात तुमचं वेटोळं उभं राहणार. त्यातला प्रवाह बदलत नेला की चुंबकक्षेत्र बदलतं. ते बदलत असेपर्यंत भोवतीच्या प्लाझ्मात वीज धावते. बदलायचं थांबलं की जोर संपला. आणि वेटोळ्यालाही मर्यादा आहे, प्रवाह किती वाढवणार? म्हणून खेळ थोडाच वेळ चालतो."

"म्हणजे सासूनं मधे बसून नुसती नजर फिरवायची आणि सुनेनं घरभर पळायचं!" मिस्त्री म्हणाला. वहिनीनं त्याला कोपर मारलं. बाई मात्र खळखळून हसल्या.

काम चिकट होतं. तांब्याच्या जाड पट्टीवर राळेत, म्हणजे रेझिनच्या चिकट द्रवात, भिजवलेली काचेच्या धाग्याची टेप गुंडाळायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे, सुरकुती नको, फट नको. दोन शेजारच्या पट्ट्या कुठं एकमेकींना भिडल्या तर वेटोळं स्वतःच्याच पोटात वीज फिरवत जळून जाणार. मोटारीचंही तेच असतं, त्यामुळे दोघांना ते वेगळं सांगावं लागलं नाही. हातमोजे दिले होते, पण जाड होते. त्यांतून टेपची कड बोटाला लागत नसे. मिस्त्रीनं ते दुसऱ्या दिवशीच काढून ठेवले, मग वहिनीनंही. मुकादम रोज बघायचा आणि काही बोलायचा नाही, कारण उघड्या हातांनी काम भराभर उरकत होतं.

आधी मिस्त्रीच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग कातडी लाल झाली, सोलली, सांध्यांवर भेगा पडल्या. वहिनीच्या हातांना काहीच झालं नाही. राळ एकाला लागते, एकाला लागत नाही, असं नंतर डॉक्टर म्हणाले. घरी ती त्याच्या हातांना तूप चोळायची. सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येत नसत, ती लावून द्यायची.

"बाईंना सांगा."

"सांगितलं तर काढतील कामावरून. शेवटचा थर राहिलाय. तेवढा होऊ दे."

"मी करते शेवटचा थर."

"तू दुसरं टोक धर," तो म्हणाला. त्याच्याशी वाद म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ती दुसरं टोक धरून उभी राहिली. वळणावर टेप ताणताना त्याची बोटं अडखळत होती, ते तिनं पाहिलं. तिनं टोक सोडलं नाही.

वेटोळं पुरं झालं तोवर खाज छातीत उतरली होती. जिना चढताना शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी राळेचं नाव काढलं, प्रयोगशाळेनं धूम्रपानाचं. मिस्त्रीनं उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती. वेटोळं यंत्रात उतरलं, त्याच्याभोवती बाकीचं सगळं जोडलं गेलं, आणि यंत्र पहिल्यांदा चालायच्या आधीच तो गेला.

पहिला प्लाझ्मा वहिनीनं पडद्यावर पाहिला. काळोखात एक गुलाबी कडं उमटलं, थरथरलं आणि विझलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली.

वर्षभर यंत्र चाललं. मग एका दुपारी हॉलमधून दणका ऐकू आला आणि जळक्या राळेचा वास पसरला. वेटोळं आतून गेलं होतं. चौकशी बसली. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं एका वाक्यात संपलं: हातकामात चूक झाली असणार.

"मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून सोपं पडतं होय?" वहिनी भर बैठकीत उठून म्हणाली. "कापून बघा. त्यांच्या हातची चूक निघाली तर माझ्या तोंडावर सांगा."

वेटोळं वर काढायला सगळं यंत्र सुटं करावं लागलं. ते करवतीखाली आलं त्या दिवशी बाईंनी तिला शेजारी उभं केलं. काप एकामागून एक पडत गेले. तांबं चकचकीत, टेप घट्ट, राळ काचेसारखी. तिची मान ताठ होत गेली. मग शेवटच्या थराच्या वळणावरचा काप पडला. तिथं तांबं वितळून गोठलं होतं. शेजारी, जळता जळता राहिलेल्या भागात, टेपचा एक वेढा दुसऱ्यावर चढलाच नव्हता. नखाएवढी फट होती.

करवत चालवणारा गडी पाणी प्यायचं निमित्त काढून निघून गेला.

"जळालेल्या जागेवरून खात्रीनं सांगता येत नाही, असं मी लिहू शकते," बाई हळूच म्हणाल्या.

वहिनीनं त्या फटीवर बोट ठेवलं. "त्यांचीच आहे," ती म्हणाली. "मी समोर उभी होते. खोटं लिहू नका. पण त्यांचे हात कसे झाले होते, तेही लिहा. मुकादम बघत होता. मीही बघत होते."

बाईंनी दोन्ही लिहिलं. वरून मंजूर होऊन जो अहवाल आला त्यात मिस्त्रीची चूक होती, हातांबद्दलचा परिच्छेद नव्हता. मिस्त्रीच्या मृत्यूबद्दल वहिनीनं केलेला नुकसानभरपाईचा अर्ज त्याच आधारावर फेटाळला गेला. त्यांची लेक म्हणाली, "आई, तू कशाला बोललीस? गप्प बसली असतीस तर निदान बाबांचं नाव तरी राहिलं असतं." लेकीनं पुढं कितीतरी दिवस धड बोलणं टाकलं.

वहिनीनं प्रयोगशाळेतलं काम सोडून गाळा पुन्हा उघडला. एकटीला मोठ्या मोटारी उचलवत नसत, म्हणून पंखे आणि मिक्सर घ्यायची.

नवं वेटोळं करायचं ठरलं तेव्हा बाई गाळ्यावर आल्या. टेप आता यंत्रानं गुंडाळणार होते, पण वळणांवर माणसाचाच हात लागणार होता. "तुम्ही या," त्या म्हणाल्या. "चार नव्या पोरींना शिकवा."

"येते," वहिनी म्हणाली. "पण पातळ हातमोजे आणा, कड कळेल असे. आणि ज्या दिवशी कुणाचा हात लाल दिसेल त्या दिवसापासून तिला दुसरं काम द्यायचं, पगार कापायचा नाही. हे मला लेखी हवं."

बाई जायला उठल्या. "वर विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत, लेखीही काही आलं नाही. पावसाळा संपता संपता कुणीतरी सांगितलं, की प्रयोगशाळेत त्या पोरी नव्या वेटोळ्यावर कामाला लागल्यात.